एका ताटाचा नवस

“दादा, झालास का रे बरा?”

फाटकाची कडी वाजायच्या आधी आत्याचा आवाज घरात शिरायचा. आवाज पुढे, आत्या मागे. आज वीस वर्षं उलटली, तरी उन्हाळ्यात दुपार चढायच्या सुमाराला फाटक वाजलं की मला तो आवाज ऐकू येतो. त्याच्या मागोमाग ऐकू येतं ते आतल्या खोलीतून आलेलं बाबांचं उत्तर.

“कॉन्व्हलेसन्ट.”

“म्हणजे झालास का नाही?”

“म्हणजे होण्याच्या वाटेवर आहे.”

“वाट तरी केवढी लांब रे तुझी,” असं म्हणत आत्या पायरीवरच्या बादलीतलं पाणी पायांवर घ्यायची. चैत्र सरलेला, रहिमतपूरच्या बाजारातलं डांबर मऊ झालेलं, आणि ही बाई गावाच्या दुसऱ्या टोकाकडून अनवाणी चालत आलेली. वय साठीचं, अंगात साखर. तळव्यांवर पाणी पडलं की तव्यावर पडल्यासारखं चर्र वाजेल, असं मला वाटायचं. ती मात्र पदरानं पाय पुसून डब्यातलं मुगाचं कढण काढायची आणि दादाच्या पुढ्यात ठेवायची.

मी या दोघांच्या मधे उभी. साताऱ्याच्या बँकेतून रजा काढून आले होते. आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, त्यामुळे बाबांच्या छातीवर कराडला बायपासची शिवण पडली तेव्हा त्यांचं करायला मीच होते. बाबा म्हणजे हायस्कूलचे रासने सर. उभ्या गावाला त्यांनी इंग्रजी शिकवलं होतं आणि निम्म्या गावाला ते आलं नव्हतं. आता माझी रजा संपत आली होती आणि बाबा बरे होत नव्हते. म्हणजे होत होते. खात होते, पीत होते, संध्याकाळी मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन येत होते. नुसतं ‘बरा झालो’ म्हणत नव्हते.

आणि सगळं अडलं होतं ते त्यावरच.

झालं होतं असं, की ऑपरेशनच्या दिवशी आम्ही कराडला दवाखान्याच्या बाकावर बसलो असताना आत्या एसटीनं औंधला गेली. यमाईचा डोंगर चढली. देवीला म्हणाली, माझ्या दादाला बरा कर. तो स्वतःच्या तोंडानं ‘मी बरा झालो’ म्हणेल त्या दिवशी माझ्या दोन्ही भावांना एका ताटात पुरणपोळी जेवू घालीन. त्यांनी एका ताटातला घास घेईपर्यंत पायात चप्पल घालणार नाही. एवढं बोलून तिनं चपला तिथंच पायरीखाली सोडल्या आणि ती तशीच परत आली.

‘स्वतःच्या तोंडानं’ ही अट तिनं फार विचार करून घातली होती. दुसऱ्या कुणी सांगितलेलं दादाला पटत नाही, हे तिला जन्मापासून ठाऊक होतं. तिची चूक झाली ती एवढीच. निकाल द्यायचं काम तिनं इंग्रजीच्या मास्तरावर सोपवलं.

दोन्ही भाऊ म्हणजे बाबा आणि बापूकाका. बापूकाकांचं बाजारात बांगड्यांचं दुकान. आम्ही कासार, त्यामुळे ते दुकान आजोबांपासूनचं. आमच्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे. या चार गल्ल्या आजी गेल्यापासून, म्हणजे नऊ वर्षं, कुणी ओलांडल्या नव्हत्या. बाबा भाजीला जाताना दुकान टाळून लांबच्या वाटेनं जायचे. बाबा समोरून दिसले तर बापूकाका छत्री आडवी धरायचे, ऊन असो नसो.

आत्याच तेवढी दोन्हीकडे जायची. पुरणासाठी आजोबांच्या वेळचं पितळी ताट तिनं केव्हाच कल्हई करून आणलं होतं. ते आमच्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकवून ठेवलेलं असायचं. कढण गरम करता करता त्या ताटाकडे बघून ती गुणगुणायची. जात्यावरचीच चाल, शब्द तिचे तिनं रचलेले.

*दोन दारांचं माहेर, कुठल्या दारी गं जाऊ*
*थोरल्या दारी पाणी पिते, तर उपाशी धाकला भाऊ*

आतून बाबा म्हणायचे, “सुले, ऐकू येतं मला.”

“यावं म्हणूनच म्हणते,” आत्या म्हणायची.

बाबांचे शब्द आठवड्याआठवड्याला बदलायचे. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा ते ‘स्टेबल’ होते. मग ‘इम्प्रूव्हिंग’ झाले. मग बरेच दिवस ‘रिक्युपरेटिंग’. आत्यानं मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, हे शेवटचं का? मी म्हटलं, नाही, यात नुसती ताकद भरून येते. मग ‘कॉन्व्हलेसन्ट’ आलं, ते तिच्या तोंडात बसेना म्हणून तिनं त्याचा ‘कनवळ’ केला. फाटकातून मला हळूच विचारायची, “कनवळ संपला का गं? आज पुढचं लागलं का?” कराडहून सुटलेली गाडी मसूर, तारगाव करत रहिमतपूरला येते तसं तिला वाटत होतं. स्टेशनं जाताहेत म्हणजे आपलं येणारच. आपला दादा रोज रात्रीतून नवं स्टेशन बांधतोय, हे तिच्या ध्यानात येत नव्हतं. माझ्या येत होतं आणि माझं डोकं फिरत होतं.

समाचाराला येणाऱ्यांचीही सुटका नव्हती. शहाळी घेऊन माजी विद्यार्थी यायचे, खुर्चीच्या कडेवर बसायचे आणि धडा ऐकून जायचे. एकदा शिंगटे वकील आले. बाबांचा लाडका विद्यार्थी, वर्गात पाठ करण्यात पहिला. त्यांनी आल्या आल्या हात जोडून सांगितलं, “सर, यू लुक फुल्ली क्युअर्ड.”

बाबांचा चेहरा असा झाला की मला वाटलं पुन्हा छातीत दुखायला लागलं.

“क्युअर रोगाला म्हणतात, शिंगटे. हील जखम होते. हाड ‘निट’ होतं, के-एन-आय-टी, म्हणजे विणलं जातं. माणूस रिकव्हर होतो, झाला तर. माझी जखम हील झालीय, हाड विणलं गेलंय, रोग क्युअर झालेला नाही, त्याला नुसती बगल दिलीय. आता यातलं कुठलं एक धरून मी बरा झालो म्हणू?”

शिंगटे वकिलांनी घाम पुसला. दाराशी बसलेली आत्या म्हणाली, “वकीलसाहेब, तुम्ही कोर्टात एवढे बोलता, याच्याकडनं एक वाक्य वदवून घ्या की. वाटलं तर शपथ घालून.”

वकील हसले, बाबा नाही. वकील गेल्यावर मी बाबांना म्हटलं, मराठीत या सगळ्याला मिळून एकच शब्द आहे आणि तो माणसांना पुरतो. बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, “तीच तर अडचण आहे. त्या एका शब्दात काहीही खपवता येतं.”

मला वाटलं, शिक्षकी खोड. मी भांडी आवरायला निघून गेले.

मग कराडची तपासणी आली. डॉक्टरांनी फिरत्या पट्ट्यावर चालवलं, छातीला नळी लावली, कागद वाचले आणि बाबांच्या पाठीवर थाप मारून चक्क मराठीत सांगितलं, “सर, ठणठणीत आहात. जिना चढा, प्रवास करा, सणासुदीला थोडं गोडही खा.” मी मनातल्या मनात त्या डॉक्टरांना दंडवत घातलं. आता काय कराल, म्हटलं.

एसटीत बसल्यावर बाबांनी मला बजावलं, “सुलीला ठणठणीत वगैरे सांगू नकोस. ‘सॅटिस्फॅक्टरी’ एवढंच सांग.”

“डॉक्टरांनी तो शब्द वापरला नाही, बाबा.”

“कागदावर तोच आहे.”

“तोंडावर दुसरा होता.”

पुढची वाट दोघंही आपापल्या खिडकीतून ऊस बघत आलो.

मी अर्थातच आत्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती हातात झेंडूची माळ घेऊन आली, ताटाला हळदकुंकू वाहिलं आणि बाबांपुढे जाऊन उभी राहिली. ठणठणीत म्हणाले ना डॉक्टर, मग आता म्हण. नुसतं ‘झालो’ म्हण. ‘बरा’ मी म्हणते.

“ठणठणीत भांडं असतं, सुले,” बाबा म्हणाले. “कासाराच्या घरात जन्मलीस म्हणून माणूसही वाजवून घेतेस काय?”

“वाजव म्हणतोस तर वाजवते. नऊ वर्षं झाली, तुमच्या दोघांच्या मधे वाजतेय तीच मी.” ती हसली नव्हती. “तुला बापूसंगं जेवायचं नाही ना? तसं सांग. इंग्रजीच्या आड का लपतोस?”

बाबांनी पेपर उघडला.

त्या दिवशी आत्या मागच्या पायरीवर बसून राहिली. मी तिच्याशेजारी बसले, तेव्हा तिनं आजीचं मरण पुन्हा एकदा सांगितलं. मी ते कितीदा तरी ऐकलं होतं. आजी मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात होती. डॉक्टर फेरीला यायचे, इंग्रजीत बोलायचे. घरात इंग्रजी कळणारा एकटा दादा. तो डॉक्टरांशी बोलायचा आणि बाहेर येऊन बाकावर बसलेल्या आम्हाला सांगायचा, आई बरी होतेय. रोज सांगायचा. आम्ही त्या शब्दावर जगायचो गं, आत्या म्हणाली. मग दादा परीक्षेच्या कामाला चार दिवस गावी आला. इकडे आईनं बापूचा हात धरला, मला घरी ने म्हणाली, मला माझ्या तुळशीपाशी ने. बापू कुणाला न विचारता जीप करून तिला घेऊन आला. आठवड्यात आई गेली. तेराव्याच्या पंगतीत सगळ्या भावकीसमोर दादा उभा राहिला आणि म्हणाला, बरी होणारी आई तू मारलीस.

“बापूकाका काय म्हणाले?” मला उत्तर माहीत होतं, तरी मी विचारलं.

“काय म्हणेल? पानावरनं उठला. तो दादासंगं कुठल्या पानावर बसलाच नाही परत.” आत्यानं तळवा वळवून बघितला. काळा पडलेला, भेगाळलेला. “मला त्याला परत पानावर बसवायचाय. एवढंच. मग माझं काय व्हायचं ते होऊ दे.”

मी म्हटलं, आत्या, निदान घरात तरी सपाता घाल, देवी काही बघायला येत नाही. ती म्हणाली, देवी नाही बघत, मी बघते ना.

नंतर सलग दोन दिवस आत्या आली नाही. पहिल्या दिवशी मला जरा हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू. घर शांत होतं. बाबांनी मात्र कढणाशिवाय जेवायला कुरकुर केली आणि दर थोड्या वेळानं फाटकाकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी कडी वाजली. आवाज आला नाही. मी बाहेर गेले तर फाटकापलीकडे बापूकाका उभे होते. छत्री मिटलेली, उन्हात डोकं उघडं. नऊ वर्षांत पिकलेले केस मी पहिल्यांदा एवढ्या जवळून बघत होते.

“आत या ना, काका.”

“नको. इथनंच सांगतो.” ते माझ्याशी बोलत होते, पण आवाज खिडकीपर्यंत जाईल एवढा ठेवला होता. “अक्काच्या पायात काच गेलीय. माझ्याच दुकानापुढं, कुणाची तरी वाढवलेली बांगडी. आठ-दहा दिवस झाले असतील. आम्हाला कुणाला बोलली नाही, तशीच चालत होती तुमच्याकडं. परवा पाय सुजला तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, साखरेमुळं जखम भरत नाही. पाय मातीला लागू द्यायचा नाही, मऊ चप्पल घातल्याशिवाय खाटेवरनं उतरायचं नाही, नाहीतर बोट काढावं लागेल. बोटावर भागलं तर.”

“मग?”

“मग काय. चप्पल आणून दिली तर फेकून दिली. मघाशी भिंत धरून अनवाणीच न्हाणीत गेली.” त्यांनी खिडकीकडे बघितलं. पडदा हलत नव्हता. “जयू, आमच्यात काय असंल ते असू दे. मला त्याच्या ताटात जेवायची हौस नाही. पण त्याला म्हणावं, तेवढा एक शब्द टाक. तो शब्द म्हणायला त्याचं काय जातंय, हे मला तरी कळत नाही.”

मी आत आले. बाबा खुर्चीत ताठ बसले होते. पेपर मांडीवर होता, चष्मा पेपरावर. सगळं ऐकलेलं चेहऱ्यावर दिसत होतं.

मी जन्मात बाबांवर ओरडले नव्हते. त्या दिवशी ओरडले. म्हटलं, तुमच्या त्या हील आणि निट आणि रिकव्हरच्या पायी तिकडं एका बाईचा पाय चाललाय. तुम्ही बरे आहात, हे तुम्हाला माहीत आहे, डॉक्टरांना माहीत आहे, शहाळीवाल्याला माहीत आहे. एका भावाच्या शेजारी बसून एक घास घ्यायचा एवढा कंटाळा? आजीला त्यांनी घरी आणलं तर आणलं, नऊ वर्षं शिक्षा दिलीत, अजून किती?

“कंटाळा नाही, जयू,” बाबा म्हणाले. आवाज मला ओळखू आला नाही. “त्या ताटावर बसून नुसतं जेवता यायचं नाही मला.”

“का?”

ते उठले. खुंटीवरचा सदरा घातला, वरचं बटण तसंच राहिलं. मग स्वयंपाकघरात गेले आणि ते पितळी ताट काखेत मारून बाहेर आले. फाटकापाशी दोघे भाऊ समोरासमोर आले. बापूकाकांनी ताट बघितलं. त्यांनी छत्री उघडली आणि स्वतः बाजूला होऊन ती बाबांच्या डोक्यावर धरली. असे आम्ही बाजारातून निघालो, पुढे ते दोघे, मागे मी. दुकानादुकानांतून माणसं बाहेर येऊन बघत होती आणि ते दोघे एकमेकांकडे सोडून सगळीकडे बघत होते.

आत्या तिच्या घरी खाटेवर पडली होती. पायाला पांढरं बांधलेलं. आम्हाला बघून उठायला लागली, तर बाबांनी खांदा दाबून तिला निजवलं. खाटेशेजारी बसले. तिच्या बांधलेल्या पायावर त्यांची नजर किती वेळ होती कोण जाणे.

“सुले, मी बरा झालो.”

आत्यानं डोळे बारीक केले. “कुठलं बरं? इंग्रजीतलं का मराठीतलं?”

“मराठीतलं.”

“अख्खं?”

“अख्खं.”

तिनं छतापलीकडच्या कुठल्यातरी डोंगराला हात जोडले. मग पदरानं डोळे टिपले आणि लगेच माझ्याकडे वळली. “बघत काय बसलीस? हरभऱ्याची डाळ डब्यात खालच्या फळीला आहे. घाल शिजत.”

त्या दुपारी मी तिच्या स्वयंपाकघरात पुरण घातलं. खाटेवरून तिचे हुकूम सुटत होते. डाळ बोटचेपी झाली का, गूळ आधी चिरला का, वेलदोडा राहिला का, माझ्या माहेरात असल्या आळशी मुली कशा जन्मल्या. मधे मधे गाणं म्हणत होती, ते पुन्हा दोन दारांचंच होतं, पण आज चाल उडती होती. दोघे भाऊ बाहेरच्या ओट्यावर बसले होते. एक या कडेला, एक त्या कडेला. मी पाणी द्यायला गेले तेव्हा बापूकाका ताटाच्या कल्हईकडे बोट दाखवून म्हणत होते, चांगली धरलीय. बाबा म्हणाले, हं. नऊ वर्षांनंतरचं पहिलं बोलणं ते एवढंच.

ऊन कलताना मी पाट मांडले. एकच ताट मधे. पोळ्या, वरून तूप, बाजूला कटाची आमटी. खाट दाराशी सरकवून घेतली होती, आत्याला सगळं दिसावं म्हणून. बापूकाकांनी आणलेली मऊ तळव्याची चप्पल मी खाटेखाली मांडून ठेवली. दोघांनी पहिला घास घेतला की ती पायात घालायची, असं ठरलं होतं. तिचा चांगला पाय आत्ताच चपलेच्या दिशेनं खाली लोंबत होता.

बापूकाका मांडी घालून बसले. समोर बाबा बसले. कल्हईत दोघांचे चेहरे उमटले होते, पांढुरके, वाकडे, अगदी सारखे.

“घ्या,” आत्या म्हणाली.

बापूकाकांनी पोळीचा तुकडा मोडला आणि दादासाठी थांबले. बाबांचा हात ताटाच्या काठावर होता, तो पुढे येईना.

“आता काय?” आत्याचा आवाज चिरकला. “तूप जास्त झालं? छातीला चालत नाही?”

मला वाटलं, आता पुन्हा एखादं स्टेशन निघतंय. मी तुपाची वाटी खाली ठेवली. बाबांनी मान हलवली. ते ताटाकडेच बघत होते.

“मिरजेला,” ते म्हणाले, “मी परीक्षेला निघालो त्याच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं होतं.”

बापूकाकांच्या हातातला तुकडा हातात राहिला.

“काय म्हणाले?”

बाबांनी ओठ ओले केले. मग वर्गात वाचतात तसं, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, “शी विल नॉट रिकव्हर. टेक हर होम.”

मला कळलं. आत्याला कळलं नाही. ती माझ्या तोंडाकडे बघायला लागली, पण मी काही सांगण्याआधी बापूकाकांनी हात वर करून मला थांबवलं. ते सातवीपर्यंत शिकलेले होते, तेही भावाच्याच हाताखाली. मला वाटतं, त्यांनाही अर्थ पोचला होता. पण त्यांनी तुकडा ताटात परत ठेवला आणि नजर उचलून भावाकडे बघितलं.

“मराठीत सांग, दादा.”

बाहेर ओट्यावर कुणाची तरी कोंबडी काहीतरी टिपत होती. बाबांच्या सदऱ्याच्या उघड्या बटणातून छातीवरच्या शिवणीचं टोक दिसत होतं आणि ते वरखाली होत होतं.

“आई बरी होणार नव्हती, बापू,” बाबा म्हणाले. “घरी घेऊन जा म्हणून डॉक्टरांनीच सांगितलं होतं. ते मला म्हणवलं नाही, म्हणून निघतानाही तुम्हाला बरी होतेय असंच सांगितलं. तू तिला मारली नाहीस.”